घरी कोण करणार?

सकाळी ७:१५

चहा गॅसवर ठेवते आणि फोन उघडते. दोघांनीही आजचं नियोजन रात्रीच पाठवलेलं असतं. दोघे म्हणजे माझे सध्याचे इंटर्न; मुलगी नाशिकची, मुलगा कोल्हापूरचा. वाचा आणि श्रवण उपचाराची पदवी चार वर्षांची असते आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्या वर्षातले काही आठवडे ही मुलं हिंगोलीत काढतात, दिव्यांग मुलांसाठी चालणाऱ्या आमच्या छोट्या केंद्रात. मी त्यांची सुपरवायझर.

कोल्हापूरच्यानं चार वर्षांच्या एका मुलासाठी उद्दिष्ट लिहिलंय: ‘मूल चित्र पाहून दहापैकी आठ वेळा वस्तूचं नाव सांगेल.’ पुस्तकाच्या दृष्टीनं वाक्यात काही खोट नाही. मोजता येतं, तपासता येतं. मी खाली एवढंच लिहिते: ‘घरी चित्र कोण दाखवणार?’

नियोजन दुरुस्त करून परत पाठवणं मी केव्हाच सोडलं. दुरुस्त केलेलं नियोजन मुलं उतरवून घेतात आणि खोलीत येऊन माझंच सेशन करतात. प्रश्न पाठवला की निदान आंघोळ करताना तरी तो डोक्यात फिरतो.

सकाळी ८:४५

फेब्रुवारी संपत आलाय, हळदीचा हंगाम भरात आहे. बाजार समितीच्या रस्त्याला लागलं की आधी वास येतो, मग पिवळी धूळ अंगावर बसते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण माझ्या वहीत या हंगामाची नोंद वेगळी होते. हळद काढणं, उकडणं, वाळवणं, पॉलिश करणं, यातलं बरंचसं काम बायांच्या हातून होतं. या दिवसांत केंद्रात यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. तरीही जी आई येते, तिच्या एका तासाची किंमत आमच्या तासापेक्षा जास्त आहे. नवीन विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी मी हेच सांगते.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. तालुके पाच: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास भरली, आणि त्यातली बहुतेक खेड्यांत राहते. आमच्या विषयाचं शिक्षण मात्र पहिल्यापासून मोठ्या शहरांत रुजलं. मुंबईच्या नायर रुग्णालयातली ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीची शाळा १९६६ पासूनची, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ ची. तिथं शिकलेल्या मुलाला आठवड्याला दोनदा येणारं, शिकलेल्या आईबापांचं लेकरू पाहायची सवय असते. इथलं लेकरू पंधरा दिवसांनी येतं, कधी महिन्यानं. मधल्या दिवसांत थेरपी कोण करणार, या प्रश्नाचं उत्तर शहरातल्या वर्गात बसून सापडत नाही.

सकाळी ९:३०

पहिली मुलगी वसमत तालुक्यातली, साडेतीन वर्षांची, दोन्ही कानांना श्रवणयंत्र. आई दारातूनच सांगते, “मॅडम, चार दिस झाले, हाक मारली तर वळूनच बघंना.”

आजचं सेशन नाशिकच्या विद्यार्थिनीचं. ती ‘लिंग’ (Ling) या तज्ज्ञाच्या नावानं ओळखली जाणारी सहा ध्वनींची तपासणी घेते. तोंडासमोर कागद धरायचा, म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि आ, ई, ऊ, म, श, स हे ध्वनी एकेक करून म्हणायचे. आवाज आला की मुलीनं डब्यात मणी टाकायचा. बोलण्यातले जाड-बारीक सगळे स्वर या सहांत येतात, म्हणून दोन मिनिटांत अंदाज बांधता येतो. मुलगी ‘आ’ला मणी टाकते, ‘ऊ’ला टाकते, ‘म’लाही टाकते. ‘श’ आणि ‘स’ला मात्र मणी हातातच राहतो.

विद्यार्थिनी माझ्याकडे बघते. मी खिडकीकडे बघते. तिच्या चेहऱ्यावरून कळतं, की तिच्या मनात ‘ऐकणं आणखी कमी झालं असेल’ हे आलंय. मी गप्प बसते. थोड्या वेळानं ती स्वतःच यंत्र काढते, बॅटरी तपासते. ती चांगली असते. मग यंत्राला स्टेथोक्लिप लावून स्वतः ऐकते, साचा उजेडात धरून बघते. कानातल्या साच्याच्या भोकात मळ आणि घामाचा ओलावा अडकून बसलाय. बारीक आवाज आधी अडतात, जाड तेवढे आत शिरतात.

साचा मुळात पांढुरका होता, आता तो पिवळाधमक झालाय. आई रोज हळद पॉलिश करून आलेल्या हातांनी तो लेकीच्या कानात बसवते. तो रंग पाहून मला बरं वाटतं. पिवळा साचा म्हणजे रोज घातला जाणारा साचा. कपाटात राहिलेली श्रवणयंत्रं वर्षानुवर्षं कोरीकरकरीत राहतात, तशी मी पुष्कळ पाहिली आहेत.

साचा साफ होतो, ‘श’ला मणी पडतो. विद्यार्थिनी खुश होऊन वहीकडे वळते. मी विचारते, “हे घरी कोण करणार?” ती थांबते, साचा पुन्हा काढते आणि आईच्या हातात देते. आई स्वतः भोकातून दोरा ओवून काढते, फुंकर मारते, कानात बसवते. मग तोंडासमोर पदर धरून म्हणते, “श्श.” डब्यात मणी पडतो. आज या दोघींचं सेशन इथं पूर्ण झालं.

सकाळी ११:००

सेनगावकडचा पाच वर्षांचा मुलगा. शाळेतून चिठ्ठी आलीय: बोबडा बोलतो. कोल्हापूरचा विद्यार्थी चित्रं दाखवून उच्चार नोंदवतो. मुलगा पाणी-ला ‘पानी’ म्हणतो, केळं-ला ‘केयं’, रस्ता-ला ‘लस्ता’. वहीत तीन फुल्या पडतात: ण, ळ, र.

“आता आईशी बोल,” मी म्हणते. “कशाबद्दल?” “कशाबद्दलही. घरून कसे आलात ते विचार.”

आई सांगू लागते, “पहाटंच निंगालो. फाट्यावर लई उशीर यष्टीच आली न्हाई. प्यायला पानी बी नव्हतं, मंग दोन केयं घेतली...”

विद्यार्थ्याची पेन्सिल थांबते. तो रबर काढतो आणि दोन फुल्या पुसतो. लेकरू घरात ऐकतं तेच बोलतंय, आणि बरोबर बोलतंय. वाशीमच्या सीमेवरच्या या गावांत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. ही बोली आहे, हा आजार नव्हे. उरला ‘र’. तो मराठी मुलांना तसाही उशिरा येतो. त्याच्यावर थोडं काम करू आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.

सुपरवायझर म्हणून माझा एक नियम आहे: आधी आईचं ऐक, मग लेकराचं. पुस्तकी मराठीची पट्टी घेऊन बसलं तर अर्धा जिल्हा रुग्ण ठरेल. ज्याला गरज नाही अशा लेकराला ‘तू चुकीचं बोलतोस’ सांगून गप्प करणं, हा आमच्या हातून होणारा मोठा अन्याय आहे. शाळेला उत्तर विद्यार्थीच लिहितो. मी वाचते आणि त्यातला ‘अशुद्ध’ हा शब्द तेवढा काढायला लावते.

दुपारी १२:१५

आता सकाळच्या नियोजनातला मुलगा. औंढ्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा, चार वर्षांचा, अजून शब्द नाहीत. सोबत आजी. आईबाप ऊसतोडीला गेलेत, पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर येतील. आजी बसल्या बसल्या सांगून टाकते, “वेखंड उगाळून लावलं जिभंला. नवस केला. याचा बाप बी उशिराच बोलला म्हनं.”

विद्यार्थ्याच्या कपाळावर आठी उमटते. ती आजीला दिसण्याआधी मी बोलते, “चांगलं केलंत, तुम्ही थांबला नाहीत.” ज्या घरानं वेखंड उगाळलं, त्या घराची कष्टाची तयारी आहे. त्या तयारीचा अपमान केला तर आमच्या हातात काहीच राहत नाही.

विद्यार्थी चित्रं मांडतो: सफरचंद, विमान, आइस्क्रीम. मुलगा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तो आजीच्या पिशवीकडे सरकतो, पदर ओढतो. आजी न बोलता बाटली काढते, झाकण उघडते, त्याच्या तोंडाला लावते. तो पितो.

“मागायच्या आधीच देता का, आजी?” मी विचारते.

“मंग? लेकराला रडू कामून द्यावं?”

या प्रश्नात सगळं प्रेम आहे आणि सगळी अडचणही. विद्यार्थी चित्रं गोळा करून बाजूला ठेवतो. मी काहीच सांगितलेलं नाही. तो बाटली मागून घेतो, मुलासमोर मांडी घालून बसतो, झाकणावर हात ठेवतो आणि त्याच्या डोळ्यांत बघत थांबतो. शिकाऊ उपचारकाला हे थांबणं सगळ्यांत जड जातं. तीन-चार सेकंद झाले की कुणाच्याही तोंडून ‘बोल ना, पाणी म्हण’ निघतंच. मी मनात आकडे मोजते. चारला मुलगा हात ओढतो. सहाला बाटलीवर चापट मारतो. नऊला वर बघतो आणि ओठ मिटून उघडतो: “पा.”

झाकण लगेच उघडतं.

पण विद्यार्थ्याला जमलं म्हणजे काम झालं असं नाही. बाटली आता आजीकडे. पहिल्यांदा आजी लगेच देऊन टाकते. दुसऱ्यांदा थांबते, पण नजर खाली. तिसऱ्यांदा ती नातवाकडे बघत थांबते. या वेळी आवाज येत नाही. मुलगा तळहात पुढे करतो आणि तिच्या चेहऱ्याकडे बघतो. विद्यार्थ्याला वाईट वाटतं. मी त्याच्या वहीवर बोट ठेवते: लिही. हात पुढे करून बघणं हेसुद्धा मागणं आहे. शब्द त्याच्या मागून येतो.

निघताना तो आजीला विचारतो, “घरी मराठीत बोलता का गोरमाटीत?” आजी जरा ओशाळते, “आमचीच बोली. मराठी बोलावं का आता?” हे मात्र त्याला ठाऊक आहे. तो म्हणतो, “नाही आजी, तुमचीच बोला. जी भाषा तुम्हाला पोटातून येते, तीच याला लवकर येईल.” मग विचारतो, “आईला काय म्हणतात?” “याडी,” आजी सांगते. रात्री याडीचा फोन येतो, चेहरा दिसतो तो फोन. तो वहीत लिहितो: याडी.

दुपारी १:१५

जेवणाची वेळ, म्हणून खाण्याचं सेशन. सहा वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सी. लोकांना वाटतं, वाचा उपचार म्हणजे फक्त बोलणं. पण जीभ, ओठ, घसा आधी घास गिळायला लागतात, आणि गिळण्याची काळजी आमच्याच कामात येते.

आई मुलीला मांडीवर आडवी घेते, मान मागे पडलेली, आणि पातळ वरण चमच्यानं ओतते. मुलगी ठसकते. आई सांगते, “घट्ट गेलं तर अडकंल म्हणून पातळ देते.” तिचा हेतू चांगला आहे, पण पातळ पदार्थ जास्त वेगानं घसरतो आणि जिभेला तो सावरता येत नाही. मान मागे असली की तो श्वासनलिकेत जायला वाट मोकळी. वारंवार छाती भरणं, ताप येणं, वजन न वाढणं, याची मुळं पुष्कळदा या एका चमच्यात असतात.

विद्यार्थिनी मुलीला ताठ बसवते, पायाखाली पाट ठेवते, मान किंचित पुढे आणते, वरणात भाकरी कुस्करून मऊ लगदा करते. चमचा समोरून, खालून. पहिला घास जातो. ती दुसरा उचलते. मुलीचा गळा अजून हललेला नाही, आवाजात ओली गुरगुर आहे. मी विद्यार्थिनीचं मनगट धरते.

सकाळपासून मी तिच्या चुकांपुढे गप्प राहिले, इथं नाही. श्वासाचा प्रश्न असतो तिथं शिकायला वेळ देत नाहीत. सुपरवायझरनं कुठं थांबायचं आणि कुठं हात घालायचा, हा फरक तिला आयुष्यभर लक्षात राहावा, म्हणून मी मनगट जरा घट्टच धरते. ती समजते. गळा हलेपर्यंत थांबते, मग दुसरा घास.

“घरी अशी खुर्ची न्हाई,” आई म्हणते. विद्यार्थिनी विचार करते, उठते आणि खोलीच्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींना पाठ टेकवून मुलीला बसवते. दोन बाजूंना गोधडीच्या गुंडाळ्या, जेवणानंतर अर्धा तास तसंच ताठ बसवायचं. कोपरा प्रत्येक घरात असतो. शेवटचे पाच घास आई भरवते, आम्ही फक्त गळ्याकडे बघत राहतो.

दुपारी २:३०

डबे संपतात आणि आमचा तास सुरू होतो. मी तीनच प्रश्न विचारते. काय पाहिलंस? जे केलंस ते का केलंस? घरी कोण करणार?

तिसरा प्रश्न मला एका आईनं शिकवला. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका ऐकू न येणाऱ्या मुलासाठी मी दोन पानांचा घरचा अभ्यास सुवाच्य अक्षरांत लिहून तिच्या हाती दिला. तीन महिन्यांनी ती आली. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, देवाच्या पोथीसारखा जपून ठेवलेला. घडीसुद्धा मोडली नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. मी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. मुलाचे तीन महिने गेले. त्या वयात तीन महिने म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून कागद देण्याआधी मी करून घेते, आणि विद्यार्थ्यांनाही तेच करायला लावते.

आज दोघंही बराच वेळ बोलतात. नाशिकची म्हणते, “मॅडम, तुम्ही मनगट धरलंत तेव्हा घाबरले.” मी म्हणते, “घाबरणं योग्य होतं. आता दुसऱ्या घासाआधी गळा बघायला विसरणार नाहीस.” कोल्हापूरचा म्हणतो, नऊ सेकंद खूप मोठे वाटले. मी विचारते, “आणि आजीला किती वाटले असतील?” तो बराच वेळ काही बोलत नाही. तेही शिकणंच आहे, म्हणून मी घाई करत नाही.

दुपारी ३:४५

केंद्र मुलांचं असलं तरी आता आलेत नर्सीकडचे एक आजोबा. पक्षाघातानंतर बोलणं गेलंय. समजतं सगळं, शब्द सापडत नाही. बायकोचं नावही ओठांवर येत नाही. नर्सी हे संत नामदेवांचं गाव, आणि आजोबा जन्मभर भजनात उभे राहिलेले. बायको हळू आवाजात अभंग सुरू करते आणि आजोबा दुसऱ्या चरणापासून स्वच्छ शब्दांत साथ देतात. विद्यार्थिनीच्या अंगावर काटा येतो.

पाठ झालेलं, चालीवरचं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं, म्हणून ते शाबूत राहू शकतं. त्या वाटेनं रोजचे शब्द परत आणता येतील का, हे आता महिनोन्‌महिने चिकाटीनं पाहायचं. विद्यार्थिनी चालीत ‘चहा दे’ बसवते. आजोबा हसतात. शब्द पूर्ण येत नाही, सूर येतो. उद्या चहाच्या वेळी आजीबाई हीच चाल धरतील.

दुपारी ४:३०

नोंदवह्या. प्रत्येक सेशनचे तास, प्रकार, निरीक्षण, आणि खाली माझी सही. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही, आणि शिकणाऱ्यानं नोंदणी असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली काम करायचं असतं. म्हणून ही सही मी घाईत करत नाही. तिच्याखाली एका लेकराचा घसा असतो, एका मुलाची बोली असते.

सोबत फॉर्मही असतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व मोजलंय. वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व त्यात स्वतंत्र आहे. विद्यार्थ्यांना मी यूडीआयडी कार्डाचा अर्ज भरायलाही शिकवते. कार्ड नसलं की एसटीची सवलत, यंत्र, शिष्यवृत्ती, सगळं अडतं. आणि एसटी अडली की पुढच्या वेळी लेकरू येत नाही.

संध्याकाळी ५:३०

केंद्र बंद करताना कोल्हापूरचा वही घेऊन येतो. सकाळचं उद्दिष्ट त्यानं एका रेघेनं खोडलंय, पण वाचता येईल असं. खाली नवीन लिहिलंय:

‘पाणी देताना आजी झाकणावर हात ठेवून नातवाकडे बघत थांबेल. त्यानं हात, नजर किंवा आवाज, कशानंही मागितलं की लगेच देईल. दिवसातून पाच वेळा. रात्री फोनवर याडी दिसली की आजी तिलाही थांबायला सांगेल.’

सकाळच्या वाक्यात सगळं लेकरानं करायचं होतं. आता आजी करणार आहे, याडी करणार आहे, आणि लेकराला त्यातून बोलायला जागा मिळणार आहे. मी पुन्हा एकदा वाचते आणि सही करते. सहीखाली उद्यासाठी प्रश्न लिहिते:

‘पट्टा पडला की याडी घरी येईल. तिला हे समोर बसून कोण शिकवणार?’

तो वाचतो, माझ्याकडे बघतो. आज मला खिडकीकडे बघावं लागत नाही.

“आजी,” तो म्हणतो.